गोऱ्याच्या कबरीचा फोटो

मंडळाच्या पोरांनी दिवाळी अंकात लिहा म्हणून डोकं खाल्लं. मी म्हटलं, मी सातवी नापास माणूस, मी काय लिहिणार? तर म्हणे, नाना, तुम्ही उभा जन्म लोकांची तोंडं सुधारलीत, त्यातलंच चार पानं लिहा, शुद्धलेखन आम्ही बघतो. बघा. पण एक सांगून ठेवतो. चुका सुधारा, मजकूर सुधारू नका. सुधारायला गेलं की काय होतं, तेच मला लिहायचंय.

माझा धंदा फोटोचा. पण फोटो काढणारा मी नंतर झालो, आधी टचिंगवाला. नव्या लोकांना हा शब्द माहीत नसेल. अमळनेरकडून सुरतेत आलो तेव्हा बरोबरचे बाकी सगळे यंत्रमागावर लागले, लूमच्या खात्यात. मला आवाजाने चक्कर यायची. भागळच्या बाजारात एका गुजराती मास्तरचा स्टुडिओ होता, तिथे झाडू मारायला राहिलो. मास्तरने माझा हात पाहिला, थरथरत नव्हता, म्हणून टचिंगच्या टेबलावर बसवलं.

ते काम असं. मेजावर तिरपी काच, खाली आरसा, आरशातून उजेड वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची. निगेटिव्हमधे सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. माणसाच्या तोंडावरची सुरकुती तिथे फिकट रेघ दिसते. पॉलिश कागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घ्यायची आणि ती रेघ बारीक बारीक टिपक्यांनी भरून काढायची. मग कागदावर छापलं की सुरकुती गेलेली. देवीचे व्रण, डोळ्याखालचं काळं, लग्नाच्या दिवशीच नाकावर आलेली पुळी, सगळं असंच जायचं. 

आता यात एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढे तिचं काम आहे. आम्ही मूळ निगेटिव्हवरच हात चालवायचो. तिची दुसरी प्रत नसायची. पेन्सिल चुकली तर कापसाने पुसता यायची, पण पात्याने खरवडलं की संपलं. ते गिऱ्हाईक जन्मभर तसंच राहणार. मास्तर म्हणायचे, "हाथ मूकतां पहेलां जो, पछी ना जोतो." हात ठेवण्याआधी बघ, मग मागे बघू नकोस. मी तसाच शिकलो. काम झालं की झालं. मागचं ठेवायचं नाही.

पुढे बमरोली रोडला माझं स्वतःचं दुकान झालं. एका बाजूला चहावाला, दुसऱ्या बाजूला लूमचं खातं. खातं चालू असलं की माझी भिंत, टेबल, पाण्याचा ग्लास, सगळं थरथरायचं. डार्करूममधे मोठा फोटो छापायचा तर मशीन हलून माणसाला चार डोळे यायचे. म्हणून मोठे फोटो मी खात्याच्या सुट्टीच्या दिवशीच छापायचो. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचो, शेठला सांग लूम बंद कर, आत्ता देतो.

गिऱ्हाईक सगळं आपलंच. धुळे, नंदुरबार, साक्री, शिरपूर, थोडे बीड-परभणीचे. जिवंत माणसाचा फोटो पासपोर्टएवढा आणि मेलेल्याचा दीड फुटी, असा हिशोब. म्हातारा गेला की घरात शोधाशोध व्हायची. कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधे मागच्या रांगेत त्याचं अर्धं डोकं सापडायचं, ते घेऊन यायचे. "नाना, याच्यातून बाप काढा. तेराव्याला पाहिजे." जन्मात बंडी सोडून काही न घातलेल्या माणसाला कोट चढवायचा. एकाने सांगितलं, कोट घाला पण टोपी राहू द्या, टोपीशिवाय माय ओळखणार नाही. मी कोटावर टोपी ठेवली. म्हातारा पुढाऱ्यासारखा दिसायला लागला. घरचे खूष.

याच धंद्यात मी एकदा एका बाईचं गोंदण पुसलं. पिंपळनेरकडची म्हातारी. हनुवटीवर तीन ठिपके, कपाळावर एक. निगेटिव्ह खराब होती, वर बुरशीचे डाग होते. मी डाग भरत गेलो आणि त्याच ओघात ठिपकेही भरले. तोंड कसं स्वच्छ निघालं, लोण्यासारखं. तिचा मुलगा फोटो न्यायला आला. बघत राहिला, बघत राहिला, मग म्हणाला, "मन्ही मायनं गोंदन कोठे गयं?"

मी म्हटलं, साफ केलं.

तो काउंटरवर डोकं ठेवून रडला. मोठा माणूस, मिशा असलेला. आपल्याकडे बायका म्हणतात, सोनंनाणं इथेच राहतं, बाईबरोबर वर जातं ते फक्त गोंदण. तेच मी काढून घेतलं होतं. 

माझी बायको डबा घेऊन आली होती, तिने हे सगळं ऐकलं. त्या माणसाला पाणी दिलं, बसवलं, दुसरा एखादा फोटो घरात आहे का विचारलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "तुम्हाला हात आहे, तोंड नाही का? विचारता येत नाही?"

दुसऱ्या दिवसापासून ती काउंटरवर बसायला लागली. तिचं नाव कमल. मी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही, "संजूनी माय" म्हणायचो. ती एक दिवस शाळेत गेली नव्हती. पण गिऱ्हाईक आलं की फोटो हातात घ्यायची आणि एकच विचारायची, "फोटोमा काय देखानं शे, भाऊ?" फोटोत काय पाहायचंय?

लोक आधी गोंधळायचे. फोटोत काय पाहणार, माणूस पाहणार. पण ती सोडायची नाही. मग हळूहळू निघायचं. एका मागावाल्याने बापाचा फोटो आणला होता, ग्रुपमधला. मी नुसतं तोंड कापून मोठं केलं असतं. हिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बापाच्या हातात घड्याळ आहे, मी पहिल्या पगारातून घेतलेलं. म्हणजे त्याला तोंडापेक्षा मनगट पाहिजे होतं. ही आत यायची आणि मला हुकूम सोडायची, "घड्याळ ठेवा. काटे दिसले पाहिजेत." 

कॉम्प्युटर आला तेव्हा मी तोही शिकलो, पेन्सिल सोडून माउस धरला. आता एक बटण दाबलं की बाजूची कातडी उचलून डागावर चिकटवता येते. काम बदललं, तिचा प्रश्न बदलला नाही. गेल्या वर्षी आखाडात ती गेली. पोटाचं होतं. हॉस्पिटलला नेलं, आणलं, परत नेलं. पुढचं लिहायला मला येत नाही आणि दिवाळी अंकात लोकांना ते नकोही असतं.

तिच्या तेराव्याला फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो नव्हता. नातेवाईक मला म्हणाले, तुम्हीच करा ना नाना, तुमच्या हातचा. मी बसलो कॉम्प्युटरवर आणि उठलो. शेवटी मुलाने, संजूने, मोबाइलवर केला. त्याने तिचा आधार कार्डाचा फोटो कुठल्याशा ॲपमधे टाकला, म्हणाला, "पप्पा, बे मिनिटमा थई जाय." दोन मिनिटांत होतं. झाला खरा. तिचे गाल गुळगुळीत, ओठांना रंग, आणि हनुवटीवर काही नाही. तिच्याही हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. ॲप कुठे विचारणार, ते बिचारं माझ्यासारखंच शिकलेलं. तेराव्याला त्याच फोटोला हार घातला. नंतर मी तो कपाटामागे उलटा करून ठेवला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

तर असं काउंटर रिकामं असताना उखाभाऊ आला.

उखाभाऊ गवंडी. साक्री तालुक्यातला, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. पांडेसऱ्यातल्या निम्म्या चाळींची फरशी त्याने बसवली असेल. आता छाती गेलेली, दोन वाक्यं बोलला की थांबतो. एका डोळ्यात मोतीबिंदू. तो कायमचा गावाला जाणार होता, भावाच्या घरी. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत मोबाइलचं मेमरी कार्ड, नखाएवढं.

"नाना, मोबाइल मरी गया. हाई वाचनं. याच्यात एक फोटो शे. त्याले चांगला कर आणि मोठा कर. गावले लई जावानं शे."

मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. फोटो निघाला इमारतीचा. कतारगामकडे जुन्या गोऱ्यांच्या कबरी आहेत, सुरतेत व्यापाराला आले आणि इथेच मेले त्यांच्या. नवखा माणूस बघून चकतो. कबर कसली, दुमजली महाल. कमानी, खांब, वर घुमट. आमचे लोक कित्येक वर्षं बसमधून तिला हात जोडायचे, दर्गा समजून.

फोटो मात्र अगदी भिकार. बहुतेकांचे असेच येतात, म्हणून सांगतो. मोबाइल वर करून उंच इमारत काढली की ती मागे पडल्यासारखी दिसते, कारण मोबाइल तिरपा असतो. आभाळ पांढराफटक होतं, कारण मोबाइलला सावली आणि ऊन एकदम झेपत नाही. काचेवर बोटाचं तेल असतं, त्यामुळे सगळ्यावर धुकं. लोक बनियनला चष्मा पुसतात, मोबाइलचं भिंग कोणी पुसत नाही. आणि मधे वायरी, पत्रे, कोणाची तरी स्कूटर. उखाभाऊच्या फोटोत हे सगळं होतं. शिवाय डाव्या कमानीच्या बुडाशी, जमिनीपासून माणसाच्या छातीपर्यंत, एक मोठा फिकट डाग. बाकी भिंत शेवाळाने काळी आणि हा डाग दुधात गुलाबी टाकल्यासारखा.

मी विचारलं नाही. विचारणारी नव्हती.

म्हटलं, उखाभाऊ, दोन दिवसांनी ये. आणि कामाला लागलो. खरं सांगतो, कित्येक महिन्यांनी मन लागलं. इमारत सरळ उभी केली. आभाळाला रंग आणला. धुकं काढलं तर घुमटाच्या कडा सुरीने कापल्यासारख्या निघाल्या. वायरी एकेक करून पुसल्या. स्कूटर गेली, पत्रा गेला. पत्र्यामागची पायरी दिसत नव्हती, ती दुसऱ्या पायरीवरून उचलून बसवली. शेवटी तो डाग. बाजूची काळी भिंत घेऊन थोडी थोडी वर चढवली, शेवाळाचे ओघळसुद्धा वरून खाली जुळवले. कोणी भिंग लावून पाहिलं असतं तरी जोड सापडला नसता. मग कार्डातच सेव्ह केलं, जुन्याच्या जागी नवं. मागचं ठेवायचं नाही ही माझी रीत. दीड फुटी छापला, फ्रेम केली.

उखाभाऊ आला. फ्रेम हातात घेतली, चांगल्या डोळ्याजवळ नेली. आधी हसला. "सरळ उभी राहिनी रे!" मग त्याची नजर खाली गेली. बोट काचेवर फिरवायला लागला. डाव्या कमानीपाशी बोट थांबलं, परत फिरलं.

"नाना, मन्हं काम कोठे गयं?"

मी म्हटलं, "कुठलं काम?"

"आठे." त्याने काचेवर टकटक केलं. "आठे मन्हा चुना व्हता."

मग दम खात खात त्याने सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्या कबरीची डागडुजी निघाली होती. ठेकेदाराला जुना चुना येणारा माणूस मिळेना. आजकालचे गवंडी सिमेंटवाले. उखाभाऊ लहानपणी आज्याच्या हाताखाली चुन्याची घाणी फिरवत होता, त्याला येत होतं. चुना महिनाभर भिजवून ठेवायचा, विटेची भुकटी घालायची, गूळ आणि बेलाचं पाणी घालायचं, मग लावून गोट्याने घोटायचा, हाताखाली कातडीसारखा लागेपर्यंत. ती एक कमान त्याला एकट्याला दिली होती. देखरेखीला आलेल्या साहेबाने सांगितलं होतं, रंग जुळवू नका, नवं काम नवं दिसू द्या. काम संपलं तेव्हा उखाभाऊने हा फोटो काढून ठेवला होता. 

"आख्खी जिंदगी सुरतमा काढी," उखाभाऊ म्हणाला. "फरश्या बसाड्यात, त्या लोके उखाडी टाकतस, नव्या बसाडतस. चाळी बांध्यात, त्या पाडी टाक्यात. हाई एकच शे जे कोणी पाडाव नही. सरकारी शे ना. गावले भावाची पोरं म्हणतस, काका सुरतमा टोपल्या उचलत व्हता. त्यासले देखाडू म्हणं."

मी कॉम्प्युटर उघडला, कार्ड लावलं, शोधलं. मला माहीत होतं सापडणार नाही. तरी शोधलं. तो माझ्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता, त्याचा श्वास मला मानेवर ऐकू येत होता. 

"पुशी टाकं तू," तो म्हणाला. रागाने नाही. पाऊस आला म्हणावं तसं.

"कधी जाणार आहेस?"

"परवा. भुसावळनी गाडी."

"उद्या जाऊ. परत काढू."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं, कॅमेरा घेतला, रिक्षा केली. वाटभर तो खोकत होता. उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर. फाटकाशी चौकीदार, उत्तर प्रदेशचा पोरगा, खुर्चीत मोबाइल बघत. आम्ही आत गेलो. डाव्या कमानीपाशी जाऊन उभे राहिलो.

काही नव्हतं. सगळी भिंत एकसारखी. मधल्या पावसाळ्यांनी त्याचा चुना काळा केला होता, वर शेवाळही धरलं होतं. जे मी कॉम्प्युटरवर केलं तेच पावसाने जागेवर केलं होतं, आणि माझ्यापेक्षा बरं.

मी उखाभाऊकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता हा म्हणेल, चाल परत. मी कॅमेऱ्याची पिशवी उगाच उघडली, बंद केली.

तो भिंतीजवळ गेला. बघण्यासाठी नाही, डोळ्याने त्याला तशीही धड दिसत नव्हती. त्याने तळवा भिंतीवर टेकवला आणि हळूहळू सरकवायला लागला, म्हशीच्या पोटावरून फिरवतात तसा. वर, खाली, थोडं उजवीकडे. एका जागी हात थांबला.

"हाई देख. आठेन सुरू."

"काही दिसत नाही रे."

"देखू नको. हात लाव."

मी हात लावला. वरची भिंत खरखरीत होती, वाळू हाताला लागत होती. त्याच्या बोटाच्या खाली एकदम गार आणि गुळगुळीत. शेवाळाच्या खालीसुद्धा कळत होतं. एक हात असा खाली नेला तर कमानीच्या बुडापर्यंत ते गेलेलं होतं.

तेवढ्यात चौकीदार ओरडत आला. "ओ चाचा! दीवार को हाथ नहीं लगाने का! सरकारी है!"

उखाभाऊने हात काढला नाही. मान वळवून त्याला म्हणाला, "भिंत सरकारी शे, चुना मन्हा शे."

त्याला काही कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं, हे प्लास्टर यांनी केलंय, यांच्या हाताने. पोरगा उखाभाऊकडे बघत राहिला, मग भिंतीकडे. म्हणाला, "ये तो अंग्रेजों के टाइम का है ना?" 

"हां," उखाभाऊ म्हणाला, "हम उसी टाइम से खांस रहे हैं."

पोरगा हसला. त्याने आम्हाला त्याची खुर्ची आणून दिली आणि पाण्याची बाटली.

मी तेव्हा ते विचारलं, जे आधी विचारायला पाहिजे होतं. तोंडातून तिच्याच शब्दांत निघालं. "उखाभाऊ, फोटोमा काय देखानं शे?"

"मी करेल शे, हाई दिसाले पाहिजे." मी केलंय, हे दिसलं पाहिजे.

"मग तू उभा राहा. हात तिथेच ठेव."

"मी? मन्हा फोटो कसाले? मी असा," त्याने आपल्या ढगळ शर्टाकडे हात केला.

"तू नाही तर कोण सांगणार तुझं काम कुठपासून कुठपर्यंत आहे?"

पण मी लगेच काढला नाही. डोक्यावरच्या उन्हात भिंत सपाट दिसते, पाटीसारखी. भिंतीचा पोत बघायचा तर ऊन बाजूने यावं लागतं, तिरपं. टचिंगच्या टेबलावरही तसंच होतं, निगेटिव्ह तिरपी धरली की ओरखडा दिसायचा. आम्ही कमानीच्या सावलीत बसून राहिलो. त्याने बिडी काढली, माझ्याकडे बघितलं, परत ठेवली. मधे एकदा म्हणाला, "वहिनी गयी, मले उशिरा समजनं. नही तं येतू." मी म्हटलं, ठीक आहे. तेवढंच बोलणं झालं त्या विषयावर.

ऊन कलंडलं आणि बाजूने भिंतीवर आलं. वरच्या जुन्या भागात बारीक बारीक खड्डे दिसायला लागले, प्रत्येकाला सावली. आणि त्याच्या कामाचा भाग संथ, पाण्यासारखा. कड स्पष्ट दिसत होती. काळ्यावर काळं, पण दिसत होतं. मी सांगितलं तसा तो उभा राहिला, हात कडेवर, बोटं पसरून. कॅमेऱ्याकडे बघ म्हटलं तर बघेना, हाताकडेच बघत राहिला. मी तसाच काढला. 

संध्याकाळी दुकानात पडद्यावर तो फोटो उघडला. वरच्या कोपऱ्यातून वायर गेलेली, पाठीमागे चौकीदाराची खुर्ची अर्धी. उखाभाऊच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. माझा हात सवयीने माउसवर गेला. मग काढून घेतला. तसाच छापला. पहिला फोटो फ्रेममधून काढला आणि हा घातला.

तो न्यायला आला तेव्हा बराच वेळ बघत होता. "वायर राहू दिधी?"

"राहू दिली."

"बरं कयं. ती पन तठेच व्हती."

पुढे गावाहून त्याचा फोन आला. मी विचारलं, लावला का फोटो? तो हसायला लागला आणि हसता हसता खोकायला लागला. म्हणाला, पोरांनी बघितला, हात लावून लावून बघितला, गावात चार लोकांना बोलावून दाखवला. पण भावाच्या बायकोने विचारलं हे देऊळ कुठलं, आणि याने खरं सांगितलं. झालं. "घरमा कबरना फोटो?" म्हणून तिने दारातच अडवला. 

"मग?"

"गोठामा लावी दिधा. म्हैसले काही हरकत नही म्हणे."

मी फोन ठेवल्यावर एकटाच हसलो. हसल्यावर सवयीने काउंटरकडे बघितलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी जुन्या डबड्यातल्या निगेटिव्ह काढल्या. कमलचा फोटो नव्हता असं मी वर लिहिलंय, ते बरोबर आहे, कारण फोटो म्हणून मी तिला कधी बसवलंच नव्हतं. पण नवीन कॅमेरा घेतला, नवीन लाइट घेतला, की आधी कोणाला तरी स्टुलावर बसवून उजेड बघावा लागतो. तेव्हा मी तिलाच हाक मारायचो. त्यातली एक निघाली. हात पिठाचे, तोंड उघडं, माझ्यावर वैतागलेली. उजेड एका बाजूने जास्त पडलाय. गोंदणाचे तीनही ठिपके मोजून घ्यावे असे.

ती छापली, दीड फुटी. काही केलं नाही तिला. त्या खिळ्याला नाही लावली, दुकानात आणली, काउंटरच्या वर लावली, जिथे ती बसायची. 

आता गिऱ्हाईक आलं, फोटो पुढे केला, की मी आधी विचारतो, फोटोत काय पाहायचंय. काही लोक कंटाळतात. म्हणतात, नाना, मोबाइलवर फुकट होतं, तुम्ही एवढं काय विचारता. मी म्हणतो, जा मोबाइलकडे. काही थांबतात. थांबणाऱ्यांपैकी एखादा वर बघतो आणि विचारतो, या बाई काय बोलताहेत?

मी सांगतो, तुम्हालाच विचारतेय ती, फोटोत काय पाहायचंय.

खरं तर ती म्हणत होती, लवकर करा, दूध उतू जाईल. पण ते दुकानात सांगत नाही.